सामाईक खात्यातील इलेक्ट्रॉन

१. कड्यात काय असते?

विज्ञानशाखेतून अकरावी-बारावी झालेल्या पुष्कळ माणसांच्या मनात एक जुनी शंका घर करून राहिलेली असते, आणि रसायनशास्त्र शिकवणारा कोणी भेटला की, मधे वीस-पंचवीस वर्षे लोटली असली तरी, ती हटकून बाहेर पडते. ‘नायट्रेट ओळखण्यासाठी ते तपकिरी कडे करायचो, त्यात लोहाचा ऑक्सिडीकरण अंक अधिक एक असतो असे पाठ केले होते, पण बाकी साऱ्या पुस्तकभर लोह दोनचे नाही तर तीनचे, मग इथेच ते एकचे कसे?’ विचारणाऱ्याला ही शंका क्षुल्लक वाटते. मला ती कधीच तशी वाटलेली नाही, कारण तिचा माग काढत गेले की माणूस प्रयोगशाळेच्या टेबलावरून निघून एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सला, तिथून डबाबंद मांसाच्या कारखान्यात, आणि अखेरीस सजीवांच्या पेशींत जाऊन पोहोचतो.

प्रथम ते कडे पाहू. नायट्रेटचे पातळ द्रावण परीक्षानळीत घ्यावे, त्यात त्याच वेळी तयार केलेले हिराकशीचे, म्हणजे फेरस सल्फेटचे, फिकट हिरवे द्रावण मिसळावे, आणि नळी तिरपी धरून तिच्या आतल्या भिंतीवरून तीव्र गंधकाम्ल अगदी सावकाश, थेंबामागून थेंब, ओघळू द्यावे. गंधकाम्ल जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते. वर हिरवट पाणी, खाली तेलासारखे निर्मळ आम्ल, आणि या दोहोंच्या सरहद्दीवर पाहता पाहता एक तपकिरी वलय उमटते. हात हलला तरी ते विसकटते. माझ्या विद्यार्थिदशेत हे कडे पहिल्यांदा जमले तेव्हा ते मोडू नये म्हणून मी कितीतरी वेळ नळी धरून तसाच उभा होतो, हे आजही स्पष्ट आठवते.

घडते ते असे. आम्लाच्या सान्निध्यात हिराकशीतील काही लोह नायट्रेटला आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि नायट्रेटचे रूपांतर नायट्रिक ऑक्साइड या वायूत होते. या व्यवहारात खर्ची न पडलेले जे लोह शिल्लक राहते, ते या वायूला धरून ठेवते. पाण्यात लोहाच्या आयनाभोवती सहा जलरेणूंचे कोंडाळे असते. त्यांपैकी एक जलरेणू आपली जागा सोडतो आणि तिथे नायट्रिक ऑक्साइडचा रेणू येऊन बसतो. पाच जलरेणू, एक नायट्रिक ऑक्साइड आणि मधोमध लोह, एवढीच त्या तपकिरी रंगाची सामग्री. धातूला अशा रीतीने चिकटलेल्या नायट्रिक ऑक्साइडला ‘नायट्रोसिल’ म्हणतात. या प्रकरणात हा शब्द वारंवार येणार आहे, सबब तो इथेच लक्षात ठेवावा.

२. पंधरावा इलेक्ट्रॉन आणि मालकीची तकरार

नायट्रोजनच्या अणूत सात इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनच्या अणूत आठ; दोन्ही मिळून पंधरा. इलेक्ट्रॉनांना जोडीने राहणे मानवते, आणि म्हणून बहुतेक स्थिर रेणूंतील इलेक्ट्रॉनांची संख्या सम असते. नायट्रिक ऑक्साइडचा पंधरावा इलेक्ट्रॉन मात्र जोडीदाराविना एकटा राहतो, आणि या वायूच्या साऱ्या उलाढालींचे मूळ त्या एकट्या इलेक्ट्रॉनात आहे.

हा वायू लोहाशी बांधला गेला की पंधराव्या इलेक्ट्रॉनाचे काय होते, हाच प्रश्न खरे पाहता ‘अंक एक की दोन की तीन’ या रूपाने आपल्यापुढे आलेला असतो. कड्यातील आयनावर एकूण विद्युत्भार अधिक दोन आहे, आणि पाण्याचे रेणू भारहीन आहेत. आता हिशेब तीन रीतींनी मांडता येतो. नायट्रिक ऑक्साइडने आपला एकटा इलेक्ट्रॉन लोहाला देऊन टाकला असे धरले, तर त्याच्यावर भार अधिक एक आणि लोहावर उरला अधिक एक. पाठ्यपुस्तकातील उत्तर ते हेच. त्याने काहीच दिले-घेतले नाही असे धरले, तर लोह अधिक दोन. आणि उलट त्यानेच लोहाकडून एक इलेक्ट्रॉन घेतला असे धरले, तर त्याच्यावर भार उणे एक आणि लोहावर अधिक तीन. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णपटीय अभ्यासाचा कौल या तिसऱ्या मांडणीकडे होता. पुढे २०१९ साली या आयनाचा स्फटिक पहिल्यांदाच हाती लागला, त्याची रचना क्ष-किरणांनी तपासता आली, आणि तरीही चर्चा मिटली नाही.

ज्याने तलाठ्याच्या दप्तरातील सामाईक जमिनीचा सातबारा पाहिला असेल, त्याला या तकरारीचे मर्म चटकन उमगेल. चार भावांच्या नावाने एकच गट असतो, वहिवाट एकत्र असते, आणि सरस-निरस मोजणी होऊन वाटणीचा फेरफार नोंदला जाईपर्यंत अमुक बांधापलीकडची माती थोरल्याची आणि अलीकडची धाकट्याची असे कोणालाही शपथेवर सांगता येत नाही; एकूण क्षेत्र मात्र प्रत्येकाला नेमके ठाऊक असते. लोह आणि नायट्रोसिल यांच्यामधले इलेक्ट्रॉन अशाच सामाईक खात्यातले आहेत. १९७४ साली एनेमार्क आणि फेल्थॅम या दोन रसायनशास्त्रज्ञांनी हा व्यवहार ओळखून अशी पद्धत सुचवली की, वाटणीच्या भानगडीत न पडता लोहाच्या बाहेरच्या कक्षेतील आणि नायट्रिक ऑक्साइडच्या त्या विशिष्ट कक्षेतील इलेक्ट्रॉन एकत्र मोजावे आणि फक्त बेरीज लिहावी.

तपकिरी कड्यावर ही पद्धत चालवून पाहू. लोह अधिक एक असेल तर त्याच्याकडे ७ इलेक्ट्रॉन आणि नायट्रिक ऑक्साइडकडे ०. लोह अधिक दोन असेल तर ६ आणि १. लोह अधिक तीन असेल तर ५ आणि २. तिन्ही वाटण्यांत बेरीज ७. परीक्षेत आपण ज्या अंकासाठी गुण मिळवले किंवा गमावले तो अंक वादग्रस्त आहे. हा सात मात्र निर्विवाद आहे.

३. रूसँचे भांडे

इथवर लोह आणि नायट्रिक ऑक्साइड असे दोघेच होते. या जोडीत गंधक आणले कोणी?

झाकारी रूसँ हा फ्रेंच लष्करात औषधशास्त्रज्ञ होता. पुढे त्याने आम्ब्रॉज तार्द्यू या वैद्याबरोबर विषप्रयोगांच्या न्यायवैद्यकीय तपासणीवर ग्रंथ लिहिला, कृत्रिम रंगांच्या उद्योगातही नाव मिळवले; परंतु आज रसायनशास्त्रात त्याचे स्मरण होते ते १८५८ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधामुळे, ज्यात त्याने लोह, गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइड एकत्र बांधलेल्या लवणांची एक नवीच जात जगापुढे ठेवली.

ही कृती आजही फारशी बदललेली नाही. नायट्राइट आणि अमोनियम सल्फाइड यांच्या द्रावणात हिराकशीचे द्रावण घालतात. सडक्या अंड्यांच्या वासाबरोबर शाईसारखा काळा चिखल भांड्यात दाटून येतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की लोहाचे नेहमीचे काळे सल्फाइड तेवढे झाले, सारा खटाटोप वाया गेला. पण तोच चिखल तापवला की हळूहळू विरघळू लागतो, द्रव गर्द होतो, तो ऊन असतानाच गाळून निवायला ठेवला की भांड्याच्या तळाशी आणि कडांना काळे, चकचकीत स्फटिक धरू लागतात. हेच ‘रूसँचे काळे लवण’. आपल्या स्वयंपाकघरातल्या काळ्या मिठाशी, म्हणजे पादेलोणाशी, त्याचा नावापुरताही संबंध जोडू नये. पादेलोणाच्या वासात गंधक आहे हे खरे, पण रूसँचे लवण विषारी आहे.

काळ्या लवणाच्या द्रावणात तीव्र अल्कली घातले की त्याचे तांबडे लवण होते. तांबड्याच्या द्रावणात आम्ल घालावे तर ते पुन्हा काळे. रूसँच्या लवणांतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट मला वाटते ती वेगळीच: काळे लवण ईथरमध्ये विरघळते. मीठ, तुरटी, हिराकस, सोरा ही सगळी लवणे पाण्यात विरघळणारी, ईथर किंवा तेल यांना न शिवणारी. आणि हे एक लवण असूनही स्निग्ध पदार्थांच्या गोतात सुखाने मिसळते. याचे कारण सांगायला रूसँच्या काळी कोणाजवळ साधन नव्हते. त्याच्या हाती तराजू होता, गाळणी होती, नाक आणि डोळे होते. रेणूची आकृती नव्हती.

४. एक कोपरा नसलेले खोके

आकृती हाती यायला बरोबर शंभर वर्षे लागली. १९५८ साली योहान्सन आणि लिप्सकोम यांनी काळ्या लवणाच्या सीझियमयुक्त स्फटिकावर क्ष-किरण टाकून त्यातील अणूंच्या जागा निश्चित केल्या. यांपैकी विल्यम लिप्सकोम यांना पुढे १९७६ साली बोरॉनच्या संयुगांवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

ती रचना डोळ्यांपुढे आणण्यासाठी एक चौकोनी खोके घ्यावे. खोक्याला आठ कोपरे असतात. एकाआड एक कोपऱ्यावर लोह आणि गंधक ठेवत गेले तर चार लोह आणि चार गंधक होतात. आता गंधकाचा एक कोपरा उचलून घ्यावा. राहिले चार लोह आणि तीन गंधक. उचललेल्या कोपऱ्याच्या अगदी समोर, कर्णाच्या दुसऱ्या टोकाला, जे लोह आहे त्याला तिन्ही गंधक लाभतात. उरलेल्या तीन लोहांना प्रत्येकी दोनच. ज्याला तीन गंधक त्याच्या वाट्याला एक नायट्रोसिल, ज्यांना दोन त्यांच्या वाट्याला प्रत्येकी दोन. १ आणि ३ गुणिले २, मिळून ७: चार लोह, तीन गंधक, सात नायट्रोसिल. साऱ्या सांगाड्यावर ऋणभार अवघा एक.

आता ईथरचे कोडे आपोआप सुटते. एवढ्या मोठ्या सांगाड्यावर भार फक्त एक, तोही सर्वत्र पसरलेला, आणि बाहेरच्या बाजूने सात नायट्रोसिलांचे ऑक्सिजन अणू असे उभे की पाण्याला आत हात घालायला वावच नाही. अशा रेणूला स्निग्ध द्रव परका वाटत नाही.

तांबड्या लवणाची रचना साधी आहे: दोन लोह, त्यांना जोडणारे दोन गंधक, आणि प्रत्येक लोहावर दोन नायट्रोसिल. इथे सामाईक खात्याचा हिशेब करून पाहावा. आयनावर एकूण भार उणे दोन. दोन गंधकांचे प्रत्येकी उणे दोन धरून उणे चार. म्हणून दोन लोह-नायट्रोसिल गटांवर मिळून अधिक दोन, प्रत्येकावर अधिक एक. भारहीन लोहाचे ८ आणि दोन नायट्रिक ऑक्साइडांचे मिळून २, एकूण १०. अधिक एक भारापोटी १ वजा केला की उरले ९.

नऊ ही विषम संख्या आहे. याचा अर्थ प्रत्येक लोहाच्या खात्यात एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिला पाहिजे, आणि असा एकटा इलेक्ट्रॉन असलेला पदार्थ चुंबकाकडे ओढला गेला पाहिजे. तांबडे लवण ओढले जात नाही. कारण दोन लोह एकमेकांपासून अवघ्या २.७ अँगस्ट्रॉमांवर आहेत, आणि एकाचा एकटा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या एकट्या इलेक्ट्रॉनाशी जोडी जमवतो. मात्र या जोडीतले लोह सुटे केले, म्हणजे एका लोहावर दोन नायट्रोसिल आणि दोन गंधकयुक्त सेंद्रिय गट एवढेच ठेवले, तर तो एकटा इलेक्ट्रॉन उघड्यावर येतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवून सूक्ष्मतरंग सोडणाऱ्या उपकरणात तो आपली हजेरी एका ठरावीक जागी लावतो. त्या जागेचा आकडा २.०३. पुढच्या हकिकतीत हा आकडा साक्षीदार म्हणून उभा राहणार आहे.

५. डब्यातले मांस

युरोपात मांस टिकवण्यासाठी त्याला मिठाबरोबर सोरा चोळण्याची चाल फार जुनी आहे. असे मांस शिजवले तरी करडे पडत नाही, तांबूस-गुलाबी राहते. १९०१ साली ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी दाखवून दिले की सोऱ्यापासून नायट्राइट, नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड, आणि तो मांसातल्या तांबड्या रंगद्रव्यातील लोहाला जाऊन चिकटतो. तपकिरी कड्यातला व्यवहार तोच, जागा निराळी.

परंतु रंग हा या कथेतला दुय्यम भाग. हवाबंद डब्यात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूला वाढायला मोकळे रान मिळते. त्याचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, आणि त्याने सोडलेले विष माणसाला ज्ञात असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. नायट्राइट या जीवाणूला रोखते. कसे रोखते, हे मात्र कितीतरी काळ कोणाला सांगता येत नव्हते. १९६७ साली पेरिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की जीवाणू वाढवण्याच्या माध्यमात नायट्राइट आधीच घालून ते तापवले, तर त्याची मात्रा सुमारे दहापट अधिक लागू पडते. म्हणजे तापवताना नायट्राइटपासून काहीतरी वेगळेच उपजत होते. ते काय असावे याच्या शोधात ज्यांची नावे पुढे आली, त्यांत रूसँचे काळे लवण होते. आणि विचार केला तर ते स्वाभाविकच, कारण माध्यमात लोह होते, प्रथिनांतले गंधक होते, नायट्राइट होते आणि आच होती. रूसँच्या भांड्यात याहून वेगळे काय होते?

तपासाला निर्णायक वळण १९८३ साली मिळाले. रेड्डी, लँकेस्टर आणि कॉर्नफोर्थ यांनी बोट्युलिनम जीवाणूंना नायट्राइट आणि अ‍ॅस्कॉर्बेट देऊन त्या पेशी चुंबकीय उपकरणात ठेवल्या, तेव्हा लोह आणि नायट्रिक ऑक्साइड यांच्या संयोगाची खूण त्यांत उमटली. बाहेरून तयार लवण आणून देण्याची गरजच नव्हती. लोह आणि गंधक जीवाणूच्या अंगात होतेच. नायट्रिक ऑक्साइड आत शिरला आणि ते लवण, निदान त्याचा जवळचा भाऊबंद, जीवाणूच्या पोटातच तयार झाला.

हे लोह आणि गंधक तिथे काय करीत होते? १९६२ साली याच कुळातल्या एका निरुपद्रवी जीवाणूपासून ‘फेरेडॉक्सिन’ हे प्रथिन वेगळे करण्यात आले होते. त्यात लोह आणि गंधक यांची तीच खोकी असतात, कोपरा न काढलेली, अखंड. आणि त्यांचे काम इलेक्ट्रॉन इकडून घेऊन तिकडे पोचते करण्याचे. हवेशिवाय जगणाऱ्या जीवाणूचा सारा कारभार या पोहोचवणाऱ्यांवर चालतो. नायट्रिक ऑक्साइड त्या खोक्यावर येऊन बसला की खोके मोडते आणि पोहोच बंद पडते.

६. शरीराच्या आत

इतकी वर्षे हा वायू रसायनशास्त्रज्ञांच्या लेखी मोटारीच्या धुरातला, फुप्फुसांना जाळणारा पदार्थ होता. १९८७ साली सिद्ध झाले की रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर हाच वायू अत्यल्प प्रमाणात तयार करते आणि त्यामुळे वाहिन्या सैलावतात. या शोधमालिकेबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी याच वाटेने काम करते, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे.

तितके प्रसिद्ध नसलेले एक औषध आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे लोहाचे नायट्रोसिल संयुग. १८४९ साली लायन प्लेफेअर यांनी ते वर्णिले. बारावीच्या प्रयोगशाळेत गंधक ओळखण्यासाठी याचेच दोन थेंब टाकायचे असत आणि द्रावण क्षणात जांभळे होई. तिथे सल्फाइड जाऊन चिकटते ते नायट्रोसिलच्याच नायट्रोजनला. अतिदक्षता विभागात, रक्तदाब जिवावर बेतण्याइतका चढला असता, हेच संयुग शिरेतून देतात. त्या वेळी सलाईनची बाटली काळ्या कागदाने किंवा चांदीसारख्या वर्खाने गुंडाळलेली असते. रुग्णाच्या नातेवाइकांना त्या वेष्टनाचा उलगडा होत नाही. कारण एवढेच की प्रकाश पडला की लोह आणि नायट्रोसिल यांची गाठ सुटू लागते आणि औषध बिघडते.

रूसँच्या लवणांचीही हीच प्रकृती आहे, आणि जो औषधाचा दोष तोच काही संशोधकांना गुण वाटला. कर्करोगाच्या गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी पोहोचतो, त्यामुळे तिथल्या पेशी किरणोपचाराला दाद देत नाहीत. नायट्रिक ऑक्साइड जवळ असला तर त्या अधिक दुबळ्या होतात. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे पीटर फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तांबड्या लवणावर प्रकाश टाकून, सुटणाऱ्या वायूने प्रयोगशाळेतल्या हॅम्स्टर-पेशी किरणांना अधिक हळव्या करून दाखवल्या. प्रकाश पडत असता हवेच्या सान्निध्यात तांबडे लवण वायू सोडत सोडत काळे होत जाते, म्हणजे परीक्षानळी स्वतःच हिशेब सांगते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे फ्लिटनी यांनी उंदराच्या शेपटीतील धमनीवर काळे लवण वापरले, तेव्हा धमनी सैल झाली आणि लवण धुऊन काढल्यावरही बराच वेळ सैलच राहिली. ईथरमध्ये विरघळणारा तो सांगाडा धमनीच्या अस्तरातील पेशींत शिरून मुक्काम करून राहिला होता आणि आतून सावकाश वायू सोडत होता. १८५८ सालचे निरीक्षण असे सव्वाशे-दीडशे वर्षांनी एका धमनीत खरे ठरावे, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

७. क्षयाच्या जंतूचा हिशेब

शरीर या वायूचा शस्त्रासारखाही उपयोग करते. १९९० साली उंदरांच्या भक्षक पेशी, म्हणजे जंतूंना गिळणाऱ्या पेशी, चेतवून उपकरणात ठेवल्या असता तिथे २.०३ची तीच खूण मिळाली. लोहावर दोन नायट्रोसिल, आणि नऊपैकी एकटा राहिलेला तो इलेक्ट्रॉन. पेशी स्वतःच नायट्रिक ऑक्साइड निर्माण करीत होती आणि तो लोह-गंधकाच्या खोक्यांवर जाऊन आदळत होता.

जंतूंनीही या माऱ्याची दखल घेण्याची सोय करून ठेवली आहे. क्षयाचा जंतू भक्षक पेशीच्या आतच दीर्घकाळ तळ ठोकून राहतो. त्याच्याजवळ ‘व्हिब-१’ नावाचे एक लहानसे प्रथिन आहे, ज्यात चार लोह आणि चार गंधक यांचे एक खोके बसवलेले असते. खोके शाबूत असेतो हे प्रथिन जंतूच्या डीएनएला चिकटत नाही. ऑक्सिजनचा मारा हे खोके बराच सोसते. नायट्रिक ऑक्साइडपुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही. वायू आला की प्रथिन आपले रूप बदलते, डीएनएला जाऊन धरते, आणि विशिष्ट जनुकाचे कामकाज थांबते. संशोधकांनी एका खोक्यामागे नायट्रिक ऑक्साइडचे किती रेणू खर्च होतात हे मोजून पाहिले, तेव्हा आकडा आला आठ: चार लोह, प्रत्येकावर दोन नायट्रोसिल.